वॉरंटवर एक नाव, आधारवर दुसरं: रजेवर जाणाऱ्या बंद्याची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न विचारणारे एका मध्यवर्ती कारागृहाच्या न्यायविभागात, म्हणजे बंद्यांचे वॉरंट, शिक्षा आणि रजेचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत, नव्याने रुजू झालेले लिपिक आहेत. त्यांच्याकडच्या एका शिक्षाबंद्याचा अभिवचन रजेचा, म्हणजे पॅरोलचा अर्ज पोलीस ठाण्यातून 'सदर नावाचा इसम नमूद पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आला. वॉरंटवर, म्हणजे कोर्टानं त्याला शिक्षा भोगायला पाठवताना दिलेल्या कागदावर, नाव 'बाळू रामा', आधारवर 'बाळासाहेब रामचंद्र', आडनाव एकच. जन्मसाल दोन कागदांवर दोन. वरिष्ठांनी तोंडी सांगितलं, "आधारप्रमाणे करून टाका सगळं." करावं का, असं ते विचारतात.

करू नका. तोंडी सांगण्यावरून तर मुळीच नका.

मी महाराष्ट्राच्या कारागृह विभागात नोकरीचा बराचसा काळ न्यायविभागातच काढला, आता निवृत्त आहे. रजेचे आपले नियम १९५९ चे असले तरी त्यांत वरचेवर दुरुस्त्या होत आल्या आहेत. त्यामुळे तुमच्या टेबलावरचं ताजं परिपत्रक माझ्या शब्दापेक्षा मोठं समजा. गोव्याचे नियम वेगळे, इतर राज्यांचे आणखी वेगळे. पण नोंद ठेवण्यामागचा विचार सगळीकडे सारखाच असतो, आणि मी बोलतोय तो त्याबद्दल.

वरवर पाहता तुमची अडचण नावाची आहे. खरी अडचण अशी की तुमच्या बराकीतला माणूस, आधारवरचा माणूस, पोलिसांनी गावात जाऊन ज्याची चौकशी करायची तो माणूस, आणि रजा संपल्यावर संध्याकाळी गेटवर येऊन उभा राहील तो माणूस, हे चौघे एकच आहेत हे तुमच्या फाइलवरून तिऱ्हाईताला पटेल का? आज पटत नाही, म्हणून अर्ज परत आला. उद्या 'बाळू रामा' खोडून 'बाळासाहेब रामचंद्र' लिहिलंत तर अर्ज पुढे सरकेल, पण वॉरंटशी असलेला दुवा तुटेल. माणूस तुमच्या ताब्यात आहे तो वॉरंटच्या जोरावर. त्यावरचं नाव कोर्टानं घातलेलं आहे, ते बदलायचं तर कोर्टानंच बदलावं. आपण फक्त त्याच्या शेजारी बाकीची नावं मांडायची.

मी ती अशी मांडत असे: पहिल्या ओळीत वॉरंटवरचं नाव, जसंच्या तसं, चुकीसकट. त्याखाली प्रत्येक दुसरं नाव स्वतंत्र ओळीत, आणि त्यासमोर ते कुठून आलं व केव्हा नोंदलं. 'आधारवरून, अमुक तारीख.' 'बंद्याने सांगितल्यावरून.' 'भावाने भेटीच्या वेळी सांगितल्यावरून.' नुसतं 'उर्फ' लिहून तीन नावं एका ओळीत कोंबली की पाच वर्षांनी कुणालाही कळत नाही की त्यातलं कोणतं कागदावरचं आणि कोणतं गल्लीतलं. इंग्रजी स्पेलिंगचं दुखणं वेगळंच. ज्ञानेश्वर एका वॉरंटवर 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी-वाय'ने, आणि परप्रांतीय कोर्टाचा कागद असेल तर 'जे-एन'ने. संगणकात एकाच स्पेलिंगनं शोधलंत तर 'नोंद नाही' असं येतं आणि नवा माणूस समजून दुसरी नोंद उघडली जाते. म्हणून शोध नावानं घ्यायचाच नाही. बंदी क्रमांकानं घ्या, क्रमांक नसेल तर गुन्हा नोंद क्रमांक आणि पोलीस ठाणं यांवरून घ्या. नाव शेवटी.

स्त्री बंद्यांच्या बाबतीत हे आणखी नाजूक होतं. वॉरंटवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि रजेवर जायचं असतं माहेरी, कारण सासरच्यांनी दार बंद केलेलं असतं. चौकशीचा कागद मात्र वॉरंटवरच्या पत्त्यावर, म्हणजे सासरी जातो. तिथून काय उत्तर येणार हे सांगायला ज्योतिषी नको. अर्ज लिहून घेतानाच 'रजेत कुठे राहणार' हा पत्ता वेगळा विचारा आणि चौकशी तिथल्या ठाण्याकडे पाठवा.

आता जन्मतारीख. आधारवरची तारीख ही वयाचा पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात हेच म्हटलं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. अर्थात शाळेचा दाखलाही आपल्याकडे कसा तयार होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच तारीख टाकली. म्हणून एकच 'खरी' तारीख ठरवायच्या भानगडीत लिपिकानं पडू नये. प्रत्येक तारीख तिच्या कागदासकट लिहावी. हे फार सोवळेपणाचं वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. १९९४ साली पुण्यात एका कुटुंबाचं हत्याकांड झालं. त्यात फाशीची शिक्षा सुनावलेल्या एकाच्या कागदांवर वय विशीच्या आसपासचं होतं. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरात मात्र त्याचं नावही वेगळं आणि जन्मसालही वेगळं. दोन्ही नावांचा माणूस एकच आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य करून त्याला सोडलं. तोवर २८ वर्षांहून अधिक काळ आत गेला होता. बाल न्याय कायद्यात वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, खटला संपल्यावरसुद्धा. आणि पुरावा पाहायचा क्रमही ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. अशा वेळी तुमच्या रजिस्टरात जुनी तारीख व्हाइटनरखाली गेलेली असली तर त्या माणसाचं काय होईल, एवढा विचार करा.

नाव आणि तारीख सरकू शकतात. शरीर तेवढं सरकत नाही, म्हणून ओळखीचा खरा भार त्यावर टाका. दाखल होताना अंगावरच्या जखमा आणि खुणा लिहून ठेवायचं बंधन १८९४ च्या कारागृह कायद्यापासून आहे. प्रत्यक्षात रजिस्टरात काय सापडतं? 'उजव्या हातावर तीळ.' अहो, कुणाच्या हातावर नसतो? मी माझ्या हाताखालच्यांकडून असं लिहून घेत असे: 'डाव्या पोटरीवर मागच्या बाजूस, घोट्याच्या चार बोटं वर, आडवा जुना व्रण, सुमारे दोन इंच, कडा फिकट.' डावं-उजवं नेहमी बंद्याचं, लिहिणाऱ्याचं नव्हे. समोरासमोर बसून लिहिताना हे हमखास उलटं होतं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटोही पुष्कळदा उलटा साठवला जातो, त्यात गोंदण दुसऱ्या हातावर दिसतं. गोंदणात अक्षरं असतील तर तीही लिहा. हातावर स्वतःचं, आईचं किंवा बायकोचं नाव गोंदलेलं असतं, आणि कधीकधी वॉरंटवर नसलेलं खरं नाव तिथेच सापडतं.

बोटांच्या ठशांबद्दल. १९२० चा जुना कायदा जाऊन ४ ऑगस्ट २०२२ पासून फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा लागू झाला. त्याखाली बोटांचे आणि तळव्यांचे ठसे, पावलांचे ठसे, छायाचित्र, डोळ्यांचं स्कॅन, सही, हस्ताक्षर असं बरंच काही घेता येतं, आणि कारागृहात ते हेड वॉर्डर किंवा त्यावरचा अधिकारी घेऊ शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोकडे ही माहिती ७५ वर्षं राहते. एवढ्या काळासाठी जे जाणार आहे ते घाईत घेऊ नये, एवढं तरी पाळा. ऊसतोड, गवंडीकाम, वीटभट्टी, धुणीभांडी यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. आल्या आल्या ठसा घेतला की नुसता काळा डाग उठतो. हात साबणानं धुवून पूर्ण कोरडे करा, शाई पाटीवर पातळ पसरा, बोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवा. बोट तुम्ही फिरवायचं, बंद्यानं हात सैल सोडायचा. तो स्वतः दाबायला लागला की ठसा गेलाच. तरीही उठला नाही तर काही दिवसांनी पुन्हा घ्या. कामाचा हात मऊ पडला की रेषा बऱ्याच सुधारतात. स्कॅनर असला तरी हीच पथ्यं. फोटो मात्र दर रजेच्या आधी नवा काढा. दाढी ठेवलेला, पंधरा किलोनं उतरलेला माणूस दाखल होतानाच्या फोटोशी गेटवरच्या शिपायाला जुळवता येत नाही, आणि तो त्याचा दोष नाही.

पत्त्याकडे वळू, कारण तुमचा अर्ज बहुधा तिथेच अडकला आहे. बाकी सगळ्या नोंदींपेक्षा पत्ता लवकर शिळा होतो. माणूस तिथेच राहिला तरी पत्ता बदलतो हे आपल्या राज्यात वारंवार झालं आहे. २०१४ च्या ऑगस्टआधीच्या वॉरंटवर वसई, डहाणू, जव्हार ठाणे जिल्ह्यात आहेत. नंतर पालघर झालं. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं आणि चाकण, तळेगाव, आळंदी ही ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची तर जिल्ह्याचीच नावं बदलली. शिवाय पुणे जिल्ह्यात नुसतं 'वडगाव' लिहिलंत तर मावळ, शेरी, बुद्रुक की रासाई? म्हणून पत्ता लिहिताना वाडी किंवा वस्ती, गाव, तालुका, जिल्हा आणि आजचं पोलीस ठाणं एवढं हवंच. शिवाय मी एक ओळ जास्तीची घेत असे: 'गावात विचारायचं कुणाला आणि कोणत्या नावानं.' तुमच्या बाळू रामाला गावात कदाचित तिसऱ्याच नावानं हाक मारत असतील. बीट हवालदार चावडीवर जाऊन 'बाळासाहेब रामचंद्र कुठे राहतात' असं विचारतो, लोक एकमेकांकडे बघतात, आणि 'राहत नाही' असा शेरा तयार होतो. त्याच घरापुढून हवालदार मोटरसायकलवर गेलेला असतो.

ज्यांना बारमाही पत्ताच नाही त्यांचं काय? ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास बीडहून कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातं ते उन्हाळ्यातच परततं. पारधी कुटुंबाचं पाल हलत राहतं. अशा वेळी एक पत्ता लिहून मोकळं होऊ नका. 'हंगामात इथे, एरवी तिथे, मुकादम अमुक' असं लिहा. पोलिसांना माग काढता आला पाहिजे, हा पत्त्याचा उद्देश. पक्कं घर नसणं हे रजा नाकारायचं कारण नाही, पण कागद अर्धवट असला की ते तसं होऊन बसतं.

फोन नंबर लिहिताना तो कुणाचा आहे हे लिहा. बहुतेक वेळा तो बंद्याचा नसतोच, मेहुण्याचा नाहीतर शेजारच्या किराणा दुकानदाराचा असतो. सुटकेच्या दिवशी गेटवरून तो लावून पाहा. लागला नाही तर दुसरा घ्या, तो माणूस अजून तुमच्यासमोर असताना.

नातेवाइकांच्या नोंदीकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि नेमकी तीच ऐन वेळी घात करते. जवळच्या नात्यात मृत्यू झाला तर तातडीची अभिवचन रजा मिळते, पण नातं सिद्ध व्हावं लागतं आणि वेळ तासांत मोजावा लागतो. एकदा संध्याकाळी एकाचा भाऊ वडिलांच्या मृत्यूचा कागद घेऊन गेटवर आला. कागदावर भारदस्त नाव, आमच्या रजिस्टरात वडिलांचं नाव 'आबा'. दाखल होताना कुणीतरी विचारलं, वडिलांचं नाव काय, पोरगा घरात जे म्हणत असे ते बोलला, आणि तेच लिहिलं गेलं. सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाचा फोन, पुन्हा दाखला, असं करत परवानगी मिळेपर्यंत तिकडे अंत्यसंस्कार उरकले होते. दाखल होऊन पहिले काही दिवस गेले, माणूस जरा सावरला, की आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलं, भावंडं, आजी-आजोबा यांची नावं घरची आणि कागदावरची अशी दोन्ही लिहून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

रजेच्या तारखा हा ओळखीच्या नोंदीचा भाग नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, आहे. रजा संचित (फर्लो) की अभिवचन (पॅरोल), हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. आपल्या १९५९ च्या नियमांत संचित रजेचा काळ शिक्षेत धरला जातो, अभिवचन रजेचा नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये ठरवलं की मुदतपूर्व सुटकेसाठी लागणाऱ्या १४ वर्षांच्या प्रत्यक्ष कारावासातून पॅरोलचे दिवस वजा करायचे. म्हणजे रजिस्टरात नुसतं 'रजा' लिहून ठेवलेला महिना माणसाला एक महिना आधी बाहेर काढतो किंवा एक महिना जास्त आत ठेवतो. परतीची नोंदही तितकीच मोलाची. मे २०२० मध्ये कोविडमुळे नियमांत जी आकस्मिक रजा आली, तिच्यात सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्यांसाठी अट होती की मागच्या दोन वेळी ते रजेवरून वेळेत परतलेले असावेत. ज्यांच्या परतीची नोंद 'हजर' एवढीच होती, वेळ आणि सही नव्हती, त्यांच्या वेळेवर येण्याचा पुरावा कुठून आणायचा? परत न येणाऱ्यावर गुन्हा नोंदतात, पूर्वी भादंवि कलम २२४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम २६२ खाली. एका तारखेच्या घोळावरून तसा गुन्हा पाठीशी लागू नये. म्हणून सुटकेच्या कागदावर 'अमुक दिवसांची रजा' एवढं लिहून भागत नाही. परतीची तारीख, वार आणि वेळ लिहा, आणि वाचता येत नसेल तर मोठ्यानं सांगून अंगठा घ्या. पहिला दिवस धरायचा की नाही, प्रवासाचे दिवस वेगळे की नाही, हे आदेशाच्या भाषेवर ठरतं. आदेश वाचा, मागच्या टेबलाला विचारू नका.

अचूक नोंद म्हणजे सगळ्यांना दिसणारी नोंद नव्हे. पोलीस ठाण्याला ओळख, पत्ता, जामीनदार आणि रजेच्या अटी हव्यात. त्यांना आजाराची फाइल नको. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच गुप्ततेचं बंधन घालतो, तरी 'औषधं चालू आहेत' म्हणून संपूर्ण केस पेपर जोडलेले मी पाहिले आहेत. रजेचे कागद व्हॉट्सॲपवर गटात टाकायची सवय लागली असेल तर ती मोडा. जामीनदाराच्या आधारची प्रत फाइलमध्ये असेल तर नंबरचे पहिले आठ आकडे झाकलेले असावेत.

तर तुमच्या बाळू रामाचं उद्या काय करायचं? वॉरंटवरचं नाव तसंच राहू द्या. आधारवरचं नाव आणि जन्मसाल त्याखाली, आधारचा उल्लेख आणि आजची तारीख घालून नोंदवा. बंद्याला बोलावून गावातलं हाकेचं नाव, वस्ती आणि ओळखणारी दोन माणसं विचारा. खुणा नव्यानं तपासा, फोटो नवा काढा. वरिष्ठांना लेखी टिपणी द्या की वॉरंटवरील नावात बदल करण्याचा अधिकार कोर्टाचा आहे, आपण पर्यायी नावांची नोंद घेत आहोत. लेखी टिपणीवर 'आधारप्रमाणे करा' असं सहसा कुणी लिहीत नाही. मग त्याच पोलीस ठाण्याला नवं पत्र पाठवा, त्यात दोन्ही नावं एका वाक्यात, फोटो जोडलेला, आणि स्पष्ट विनंती की फोटो दाखवून चौकशी व्हावी. हद्द बदलली असेल तर आधी फोन करून खात्री करा.

परत आलेला पहिला अहवाल फाइलमधून काढू नका. नवा अहवाल त्याच्या लगेच खाली लावा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी तो शेरा उकरून काढलाच, तर उत्तर पुढच्या पानावर असेल.